आयोवाच्या मक्याचा हिशोब

शेतीवर चर्चा निघाली की आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, अमेरिकेतला शेतकरी खुल्या बाजारात स्वतःच्या जोरावर उभा आहे आणि आपला मात्र सरकारच्या तोंडाकडे बघत बसलाय. आणि तिथली निवडणूक आली की दुसरं एक वाक्य ऐकू येतं: ग्रामीण अमेरिका स्वतःच्याच हिताविरुद्ध मतदान करते. मला ही दोन्ही वाक्यं चुकीची वाटतात. का, ते आयोवा राज्यातल्या मक्याचं एक वर्ष डोळ्यांसमोर ठेवून सांगतो.

वर्ष सुरू होतं फेब्रुवारीत. शेतात बर्फ असतो, पेरणीला अजून अडीच महिने असतात. या महिन्यात शिकागोच्या वायदे बाजारात, जिथे पुढे द्यायच्या मालाचा भाव आजच ठरतो, डिसेंबरच्या मक्याचे व्यवहार रोज ज्या भावाला बंद होतात, त्यांची महिनाभराची सरासरी काढली जाते. हा झाला पीक विम्याचा 'अंदाजित भाव'. २०२३ मध्ये तो बुशेलला ५.९१ डॉलर होता, २०२४ मध्ये ४.६६. (मक्याचा एक बुशेल म्हणजे ५६ पौंड, साधारण २५.४ किलो. सोयाबीनचा ६० पौंडांचा, २७.२ किलो.) १५ मार्चपर्यंत शेतकऱ्याने विमा एजंटकडे जाऊन आपल्याला किती टक्के संरक्षण हवंय ते ठरवायचं. ५० पासून ८५ टक्क्यांपर्यंत टप्पे आहेत. विमा विकतात खासगी कंपन्या, पण हप्त्याचा सरासरी साठ टक्क्यांहून जास्त वाटा केंद्र सरकार भरतं आणि कंपन्यांच्या जोखमीलाही सरकारचाच आधार असतो.

आता हिशोब बघा. शेतकऱ्याच्या स्वतःच्या मागच्या वर्षांच्या नोंदीप्रमाणे त्याची सरासरी एकरी २०० बुशेल आहे, म्हणजे आपल्या भाषेत एकरी पन्नासेक क्विंटल. त्याने ८० टक्के संरक्षण घेतलं. २०२३ च्या भावाने २०० गुणिले ०.८० गुणिले ५.९१, म्हणजे एकरी सुमारे ९४६ डॉलरची हमी झाली. ऑक्टोबरात त्याच डिसेंबर वायद्याची पुन्हा महिनाभराची सरासरी निघते. त्या वर्षी ती ४.८८ निघाली. समजा त्याला १९० बुशेल उतारा पडला. म्हणजे पीक जवळजवळ भरघोसच. तरी १९० गुणिले ४.८८ होतात ९२७ डॉलर, आणि वरचे १८-१९ डॉलर विमा देतो. दुष्काळ नाही, गारपीट नाही, कीड नाही. फक्त भाव पडला. आणि उलट ऑक्टोबरचा भाव फेब्रुवारीपेक्षा वर गेला, तर हमीची रक्कमही त्या वरच्या भावाने मोजली जाते. हा पर्याय बहुसंख्य शेतकरी घेतात, आणि बँकही पीककर्ज देताना आधी विम्याचा कागद बघते.

यात फसायला होतं ते तारखांत. आयोवात मक्याची पूर्ण विम्यासह पेरणी ३१ मेपर्यंत, सोयाबीनची १५ जूनपर्यंत. त्यानंतर उशिराच्या दर दिवसाला हमी एक टक्क्याने घटते, मक्याला वीस दिवसांपर्यंत. १५ जुलैपर्यंत कोणत्या शेतात किती एकर काय पेरलं ते कळवावं लागतं, आणि इथे गोंधळ झाला तर पुढे दाव्याच्या वेळी वाद होतो. शिवाय विमा शिकागोचा भाव धरतो, गावातला नाही. शिकागो आणि गावचा एलिव्हेटर, म्हणजे धान्य विकत घेऊन साठवणारं केंद्र, यांच्या भावातल्या फरकाला तिथे 'बेसिस' म्हणतात. नदीची पातळी उतरून मिसिसिपीवरची बार्जवाहतूक (मालवाहू सपाट बोटी) अडली की हा फरक वाढतो, आणि तो सगळा शेतकऱ्याच्या अंगावर येतो.

याला खुला बाजार म्हणायचं असेल तर म्हणा. मला तो दिसत नाही. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, ही व्यवस्था विचार करून बांधलेली आहे आणि त्यामागे जखमा आहेत. १९३३ चा पहिला शेती कायदा मंदीतून आला. १९८० च्या जानेवारीत कार्टर सरकारने सोव्हिएत संघाला धान्य विकायला बंदी घातली, पाठोपाठ व्याजदर आकाशाला भिडले. आयोवातली जमीन १९८१ मध्ये एकरी सरासरी २,१४७ डॉलर होती, ती १९८६ मध्ये ७८७ वर आली. जमीन तारण ठेवून ट्रॅक्टर घेतलेल्यांचे लिलाव झाले, गावातल्या बँका बुडाल्या. वॉशिंग्टनची एक सही आपलं घर मोडू शकते, हे त्या पिढीने तेव्हा अनुभवलं, आणि आज सत्तरीत असलेली तीच पिढी तिथे अजून जमीन धरून आहे.

म्हणून त्यांच्या राजकारणाची सुरुवात पक्षापासून होत नाही. इथेनॉल घ्या. २००५ चा आणि मग २००७ चा कायदा पेट्रोलमध्ये जैवइंधन मिसळणं बंधनकारक करतो. अमेरिकेतल्या मक्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग आज इथेनॉलला जातो. एका बुशेलमधून साधारण २.८ गॅलन, म्हणजे साडेदहा लिटर इथेनॉल निघतं आणि सात-साडेसात किलो पेंड उरते, जी गाई-डुकरांना घालतात. आयोवात असे चाळीसहून जास्त कारखाने आहेत. कारखाना जवळ असला की त्या पट्ट्यातला बेसिस सुधारतो, म्हणजे मक्याला दोन पैसे जास्त मिळतात. त्यामुळे दोन्ही पक्षांचे उमेदवार तिथे आले की इथेनॉलचं गुणगान करतात. १५ टक्के मिश्रणाचं पेट्रोल उन्हाळ्यात, १ जून ते १५ सप्टेंबर, बाष्पदाबाच्या नियमामुळे बऱ्याच भागांत विकता येत नाही. २०२२ पासून दरवर्षी तात्पुरती सूट देऊन काम भागवलं जातंय, आणि कायमचा निकाल लावा ही मागणी शेतकरी संघटना सोडत नाहीत.

पण इथेही माणसं एका कारणाने मत देत नाहीत. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक टेड क्रूझ इथेनॉलची सक्ती हळूहळू बंद करू म्हणत आयोवात फिरले आणि रिपब्लिकन कॉकस जिंकूनही गेले. ज्याला 'हितसंबंध' हा एकच चष्मा लावून बघायचंय त्याने हा निकाल लक्षात ठेवावा.

कॉकस म्हणजे काय तेही नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्याला सरसकट 'प्राथमिक मतदान' म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीतल्या रात्री सात वाजता शाळेच्या जिममध्ये, ग्रंथालयात, चर्चच्या तळघरात त्या वस्तीतले पक्षाचे लोक राष्ट्राध्यक्षपदाचा आपला उमेदवार ठरवायला जमतात. रिपब्लिकनांकडे प्रत्येक उमेदवाराच्या बाजूने कुणीतरी शेजारी उठून दोन-तीन मिनिटं बोलतो, मग कोऱ्या चिठ्ठीवर नाव लिहून टाकायचं. डेमोक्रॅट २०२० पर्यंत उघड उभे राहायचे: या कोपऱ्यात अमक्याचे, त्या कोपऱ्यात तमक्याचे. ज्याच्याकडे १५ टक्के माणसं जमली नाहीत त्याच्या लोकांनी दुसऱ्या गटात जायचं, आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत शेजारी शेजाऱ्याला हाताला धरून आपल्याकडे ओढायचा. आपल्या ग्रामसभेसारखंच, फक्त थंडी हाडं गोठवणारी. १९७२ पासून या निवडीत देशात सगळ्यांत आधी आयोवाची पाळी यायची, १९७६ मध्ये कार्टर इथूनच पुढे गेले, २००८ मध्ये ओबामा. २०२० मध्ये निकाल कळवायचं ॲप कोसळलं, आकडे यायला कित्येक दिवस लागले, आणि त्यानंतर डेमोक्रॅटांनी पहिला मान आयोवाकडून काढून घेतला. त्यांचं हे चुकलं असं मला ठामपणे वाटतं. आयोवातल्या ९९ काऊंट्यांपैकी (काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ३१ काऊंट्यांनी ओबामांना दोनदा निवडून दिलं होतं आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांना. अशा काऊंट्या इतक्या संख्येने दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाहीत. जिथली माणसं हातची निसटली तिथे जास्त जायला हवं होतं, त्यांनी जाणंच कमी केलं.

आता सुगी. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. मका कापताना दाण्यात २० टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, विकताना १५ लागतो. ट्रक एलिव्हेटरवर गेला की आधी वजनकाटा, मग वरून नळी खुपसून नमुना काढतात आणि ओलावा मोजतात. १५ च्या वर प्रत्येक टक्क्याला कटती लागते. पाण्याचं खरं वजन गणिताने १.१८ टक्के भरतं, एलिव्हेटर साधारण १.४ टक्के कापतो, शिवाय वाळवणीचा आकार वेगळा. आपल्या आडतीवर जे चालतं त्याचंच हे भावंड. म्हणून ज्याला परवडतं तो स्वतःच्या शेतावर वाळवतो.

वाळवायला प्रोपेन लागतो. एका बुशेलमधला एक टक्का ओलावा काढायला सुमारे ०.०२ गॅलन. २० वरून १५ वर यायचं तर बुशेलला ०.१ गॅलन. ५०० एकर मका, एकरी २०० बुशेल, म्हणजे एक लाख बुशेल आणि दहा हजार गॅलन प्रोपेन, तोही सहा-सात आठवड्यांत. २०१९ च्या ओल्या सुगीत सगळ्यांचा मका एकदम ओला निघाला, प्रोपेनच्या टाक्या रिकाम्या झाल्या, ड्रायर बंद पडले आणि टँकरचालकांच्या कामाच्या तासांचे नियम सरकारला तात्पुरते सैल करावे लागले.

घाईत १७-१८ टक्क्यांचा मका तसाच कोठीत भरला की पुढची गोष्ट जीवघेणी असते. गोल पत्र्याची कोठी, पंचवीस-तीस फूट उंच. हिवाळा सरतो, ओला मका तापतो, बुरशी धरतो, वर कडक पापुद्रा तयार होतो. खाली मळसूत्र, म्हणजे दाणा बाहेर ओढणारा फिरता स्क्रू, चालू केलं की दाणा बाहेर येईनासा होतो, कारण आत ढेपा अडकलेल्या असतात. मग माणूस हातात गज घेऊन आत उतरतो. पापुद्र्याखाली पोकळी असते, तो फुटतो. मळसूत्र चालू असेल तर चार-पाच सेकंदांत गुडघे रुततात, आणि स्वतःहून बाहेर येणं तिथेच संपतं. वीस-बावीस सेकंदांत माणूस पूर्ण गाडला जातो. वरून दोरी टाकून ओढायचं नाही, कमरेपर्यंत रुतलेल्या माणसाला ओढलं तर मणक्याला इजा होते. त्याच्याभोवती पत्र्याच्या जोडपट्ट्या एकेक करून दाबत नळी उभी करायची आणि नळीच्या आतला दाणा छोट्या मळसूत्राने उपसायचा. कोठी कापावी लागली तर चारी बाजूंनी सारखी भोकं पाडायची, एकाच बाजूने रिकामी झाली तर ती कलंडते. हे सगळं करणारे असतात गावचे स्वयंसेवक अग्निशामक, म्हणजे शाळेचा बसचालक, दुकानदार, शेजारचा शेतकरी.

आत उतरण्याआधी मोटर बंद करून स्विचला कुलूप घालायचं, कमरेला पट्टा बांधायचा, वर दुसरा माणूस उभा ठेवायचा. हे नियम मोठ्या एलिव्हेटरना कायद्याने बंधनकारक आहेत. पण दहा किंवा त्याहून कमी कामगार असलेल्या शेतांवर कामगार सुरक्षा खात्याने पैसा खर्च करायचा नाही, असं कलम अमेरिकन संसद १९७० च्या दशकापासून दरवर्षीच्या खर्चाच्या विधेयकात घालत आलीय. दोन्ही पक्षांच्या राजवटीत ते टिकलं. शेतकऱ्यांना सरकारी निरीक्षक आपल्या अंगणात नको असतो, आणि ही भावना मला समजते. तरीही घरातलाच सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कोठीत जातो तेव्हा त्याच्या बाजूने कुणीच उभं नसतं, हे मला सोसत नाही.

व्यापारयुद्धाकडे वळतो, कारण तिथे आपला धागा जोडलेला आहे. जुलै २०१८ मध्ये चीनने अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के कर लावला. वसंतात दहा डॉलरच्या वर असलेला बुशेलचा भाव काही आठवड्यांत साडेआठच्या घरात आला. ट्रम्प सरकारने भरपाई जाहीर केली: सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर, मक्याला एक सेंट. पुढच्या वर्षी काऊंटीनिहाय एकरी १५ ते १५० डॉलर. दोन वर्षांत मिळून सुमारे २३ अब्ज डॉलर वाटले. २०२५ च्या सुगीत पुन्हा तेच झालं, चीनने कित्येक महिने नवा माल उचलला नाही, आणि पुन्हा मदतीचं पॅकेज आलं.

या धनादेशांमुळे ते ट्रम्प यांना मत देतात, असं म्हणणं सोपं आहे. पण ग्रामीण अमेरिकेतली बहुतेक माणसं शेती करतच नाहीत. चोवीस ओळींचं पेरणीयंत्र दिवसाला अडीचशे एकर पेरतं, तिथे माणसं लागणार कुठे? ती कत्तलखान्यात, नर्सिंग होममध्ये, गोदामात, शाळेत काम करतात. त्यांना सोयाबीनचा धनादेश कधी आला नाही. त्यांनी बघितलं ते वेगळंच: पटसंख्या घटली म्हणून दोन गावांच्या शाळा एक झाल्या, रुग्णालयातला प्रसूती विभाग बंद झाला आणि बाळंतिणीला तासभर गाडी चालवून जावं लागलं. हा राग आहे आणि तो खरा आहे. त्यावरचं ट्रम्प यांचं औषध मला पटत नाही, पण दुखणं खोटं नाही.

ही माणसं पक्षाच्या दावणीला बांधलेली नाहीत, याचा सगळ्यात चांगला पुरावा पाइपलाइनच्या लढ्यात सापडतो. इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड दाबाखाली नळीतून नॉर्थ डकोटात नेऊन जमिनीत गाडायचा, अशी समिट कंपनीची मूळ योजना होती. २०२२ च्या कायद्याने टनाला ८५ डॉलर करसवलत मिळते, त्यावर तिचं गणित उभं. मक्याला भाव टिकेल म्हणून इथेनॉलवाले बाजूने. पण जमीनमालकाची संमती नसेल तर भूसंपादनाचा अधिकार कंपनीला द्यायचा का, यावर शेतकरी पेटले.

कारण समजायला जमिनीखाली बघावं लागतं. आयोवाची मध्य-उत्तर जमीन मुळात पाणथळ. तीन-चार फूट खोल छिद्रांच्या नळ्या घातल्या आहेत, जुन्या मातीच्या, नव्या प्लास्टिकच्या. त्यांना 'टाइल' म्हणतात. उतार शंभर फुटाला एखादा-दोन इंच, इतकाच. पाइपलाइनचा चर या नळ्या आडव्या कापत जातो. ठेकेदार जोड देतो, पण खालची भरलेली माती पुढच्या दोन-तीन वर्षांत दबते, जोड खचतो, उतार मोडतो, आणि त्या जागेपासून वरच्या अंगाला शेतात तळं साचतं. अवजड यंत्रांनी दबलेली जमीन आणि वरखाली झालेला काळा थर पुढे कित्येक हंगाम उतारा कमी देतो. नुकसानभरपाईचा कागद त्याआधीच सही होऊन गेलेला असतो. आपल्याकडे शेतातून वायूची पाइपलाइन किंवा महामार्ग गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

जून २०२४ मध्ये साउथ डकोटातल्या रिपब्लिकन मतदारांनी पक्षांतर्गत निवडणुकीत डझनभराहून जास्त विद्यमान आमदार घरी बसवले, त्यात हा मुद्दा मोठा होता. नोव्हेंबरात पाइपलाइनला अनुकूल कायदा सार्वमताने फेटाळला, आणि मार्च २०२५ मध्ये कार्बन पाइपलाइनसाठी सक्तीचं भूसंपादन त्या राज्यात बंदच झालं. आयोवात अशा भूसंपादनाला वेसण घालणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, तर जून २०२५ मध्ये रिपब्लिकन राज्यपाल किम रेनॉल्ड्स यांनीच ते नाकारलं. एकाच पक्षाचे शेतकरी, आमदार आणि राज्यपाल असे समोरासमोर. रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे असा जो नकाशा काढतात, त्यात हे दिसणारच नाही.

आता लातूर. आपल्या सोयाबीनचा भाव शिकागोशी, ब्राझीलच्या पिकाशी आणि आयात तेलावरच्या शुल्काशी बांधलेला आहे. शिकागो पडलं की पेंडीची निर्यात परवडत नाही आणि तेलगिरण्या हात आखडता घेतात. २०२४ च्या खरिपात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. सरकारी खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट होती, परतीच्या पावसात भिजलेला माल त्यात बसत नव्हता, ऐन विधानसभा निवडणुकीत ती १५ वर आणली. त्याआधीच २०२३ च्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, खात्यात टाकले होते. हा आपला '१.६५ डॉलर'. निवडणुकीच्या तोंडावर धनादेश हा प्रकार फक्त तिकडचा नाही.

फरक आहे तो विम्यात. आपला पीक विमा महसूल मंडळातल्या कापणी प्रयोगावर चालतो आणि फक्त उताऱ्याचं नुकसान मोजतो. एकरी दहा क्विंटल सोयाबीन झालं आणि भाव हजार रुपयांनी कोसळला, तर त्याच्या लेखी शेतकऱ्याचं काहीच बिघडलेलं नसतं. आयोवातला शेतकरी त्याच जागतिक मंदीत ऑक्टोबरचा आकडा एजंटला दाखवून दावा करतो. आपल्याकडे अमेरिकन बियाणं आणा, अमेरिकन यंत्रं आणा असं सांगणारे खूप आहेत. तिथला भाव धरणारा विमा आणा असं म्हणणारा मला क्वचित सापडतो.

तो आणायचा तर पहिली गरज एका आकड्याची: पेरणीआधी कुणाच्याही हातात नसलेला, रोज उघडपणे ठरणारा पुढचा भाव. आपल्याकडे सोयाबीनचे वायदे होते. २० डिसेंबर २०२१ रोजी महागाईच्या कारणावरून सेबीने ते थांबवले, आणि नंतर वर्षामागून वर्ष बंदीची मुदत वाढवली. वायदे सट्टेबाजांचे म्हणून हायसं वाटलेल्यांनी जूनमध्ये लातूरच्या आडतीवर जाऊन विचारावं, ऑक्टोबरच्या सोयाबीनचा आजचा भाव काय आहे.